घोंगड्याची ओळ

धाकट्या रविराजच्या लग्नाची कॅसेट घरी आली त्या संध्याकाळी कोळेकरांच्या सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. भवानीनगरच्या बादशाहनं लग्नाचं शूटिंग केलं होतं. त्यानंच स्वतःचा व्हीसीआर रिक्षात घालून आणला, टीव्हीला जोडून दिला आणि चहा पिऊन निघून गेला. हळदीपासून वरातीपर्यंतचं लग्न पुन्हा एकदा सोप्यात लागलं.

मनिषा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती मधल्या रामहरीची बायको. सकाळी अंगणवाडी आणि उरलेला दिवस हे मोठं घर, असा तिचा दिवस जायचा. लग्नात तिला बसायलाच मिळालं नव्हतं, त्यामुळे आपल्याच घरचं लग्न ती जवळजवळ पहिल्यांदा बघत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की माणसं दुसऱ्याला बघून खदखदून हसतात आणि स्वतः पडद्यावर आली की गप्प होतात.

थोरले दीर मानसिंग कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला होते. कारखान्याचे एक संचालक वधूवरांना आशीर्वाद देत होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मानसिंग तोंड उघडं टाकून झोपले होते. थोरली जाऊ हौसाबाई बावड्याच्या व्याह्यांनी आहेरात दिलेलं लुगडं दोन बोटांत चोळून बघत होती आणि तिचं नाक असं मुरडलं होतं की त्याचा अर्थ आंधळ्यालाही कळावा. रामहरी तर वरातीत रस्त्यावर आडवा पडून नाग झाला होता. येत्या दिवाळीनंतर तो गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीला उभा राहणार होता.

सासूबाई गोजरबाई तेवढ्या सोप्यात नव्हत्या. म्हैस नेमकी त्याच वेळेला अडली होती, म्हणून त्या गोठ्यात होत्या. हशा पिकला की तिथनंच विचारायच्या, "कोण आलं गं?" आणि हळदीतलं त्यांचं स्वतःचं गाणं पडद्यावर लागलं तेव्हा म्हैस विण्याच्या अगदी ऐन भरात होती. रेडी झाली, म्हशीला गूळ-बाजरी दिली, हातपाय धुऊन त्या आत आल्या तोवर कॅसेट संपली होती आणि व्हीसीआर तापला म्हणून रविराजनं तो बंद केला होता.

"माझं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

"उद्या दावतो," रविराज म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बादशाह आपला व्हीसीआर घेऊन गेला.

त्या वर्षी अधिक महिना आषाढात आला होता. नव्या जावयाचा पहिला धोंडा म्हणून बावड्याहून सगळ्या घराला आवतण होतं आणि निरोपात एक गोष्ट ठासून सांगितली होती: येताना लग्नाची कॅसेट आणा, भावकी बघायला जमणार आहे.

या निरोपानं घराची झोप उडवली. कॅसेट घरात बघणं वेगळं आणि व्याह्यांच्या भावकीपुढं लावणं वेगळं. तो शब्द पहिल्यांदा रामहरीनं काढला. जेवताना म्हणाला, "सेन्सॉर करून घ्यायला पायजे." पिक्चर लागायच्या आधी जसा सरकारचा कागद दिसतो, तसं आधी कुणीतरी बघून नको ते काढून टाकायचं. सगळ्यांना शब्द पटला. जबाबदारी मनिषावर आली, कारण बादशाहची बायको करिमा इंदापूरच्या शाळेत तिच्या वर्गात होती आणि दुकानातलं मिक्सिंगचं काम अर्धं करिमाच बघायची.

मग एकेक जण मनिषाला गाठायला लागला. हौसाबाईनं भाकरी थापता थापता विषय काढला. आपल्याला शिंक येत होती, म्हणून नाक तसं झालं, पण लोक काय समजतील कोण जाणे, तेव्हा तेवढं काढ. मानसिंग धाकट्या भावजयीशी समोरासमोर फारसं बोलत नसत. ते दाराशी येऊन खोकले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितल्यासारखं म्हणाले की संचालकांचं भाषण मोठं आहे, बघणारे कंटाळतील, आवरतं घेतलेलं बरं. रामहरी नवराच होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही. नाग काढ म्हणाला. मनिषानं सगळ्यांना हो म्हटलं. तिला मनातून हसू येत होतं. आपापली झाकपाक करायची तर त्यात कुणाचं काय जातं?

मनिषा भवानीनगरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र मानसिंग आणि रामहरी दोघं मिळून आले. विहिरीच्या वाटणीवरून बिनसल्यापासून हे दोघे भाऊ कुठल्या गोष्टीवर एकत्र बोलल्याचं मनिषानं पाहिलं नव्हतं. आज एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता.

आईचं हळदीतलं गाणं काढायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

हळदीला गावातला बिरू ढोल वाजवत होता. गोजरबाईंनी त्याच्याकडनं ढोल मागून घेतला, गळ्यात अडकवला आणि उभ्या उभ्या गाणं जुळवलं. तिन्ही लेकरांच्या जन्माचं गाणं. सगळं घर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होतं तेव्हाचं. मांडवातल्या बाया टाळ्या पिटत होत्या. त्या वेळी कुणाला काही वाटलं नव्हतं. पण पडद्यावर बघताना मानसिंगना घाम फुटला होता.

"आता बागाईत हाय, कारखान्यात नाव हाय," रामहरी म्हणाला. "तितं समदी भावकी बसणार. आपल्या आईनं ढोल गळ्यात घालून..."

"आन आत्यांना काय सांगायचं?" मनिषानं विचारलं. "त्या रोज इचारत्यात."

टेप गुंतली म्हणायचं, असं त्यांनी तेही ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मनिषा भवानीनगरला गेली. बादशाहच्या दुकानामागच्या खोलीत दोन व्हीसीआर शेजारी शेजारी मांडलेले होते. एकावर जुनी कॅसेट चालायची, दुसरा नवी भरायचा. नको ते आलं की करिमा नवा थांबवायची आणि पुढं सुरू करायची. मानसिंगची झोप गेली. रामहरीचा नाग गेला. हौसाबाईचं नाक जिथं मुरडत होतं तिथं करिमानं गुलाबाची फुलं उमलवली आणि स्वतःच खूश होऊन हसली. हळदीचं गाणं मात्र, नव्या कॅसेटवर तेवढी जागा सोडून, तिनं मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं.

गाणं लागलं. गोजरबाईंचा आवाज चिरका होता, पण ढोलावर त्यांचा हात असा पडत होता की खोलीत बसून पाय हलावा. मधेच बादशाहनं कॅमेरा बायांवर फिरवला होता. त्यांत एक बाई डोक्यावरचा पदर पडलेला विसरून, मान मागं टाकून हसत होती आणि टाळ्या वाजवत होती. मनिषाला ती कोण आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"तूच हायस," करिमा म्हणाली.

इतकं हसताना आपण कशा दिसतो, हे मनिषानं आरशात कधी बघितलं नव्हतं. आरशापुढं माणूस असं हसत नाही.

"हे कापू?" करिमानं बटणावर बोट ठेवून विचारलं. "सासूबाईंनी सांगितलंय का?"

"त्यांच्या लेकांनी."

"बाकीच्यांनी आपापलं कापाय सांगितलं," करिमा म्हणाली. "हे दुसऱ्याचं हाय. मी कापीन, माझं काय. पण तू त्यांना एकदा इचार."

मनिषा दोन्ही कॅसेटी तशाच पिशवीत घालून परत आली. वाटेत एसटीत तिनं मनाशी बरंच घोकलं. नवऱ्याला काय सांगायचं, थोरल्या दिरांना काय सांगायचं. पण घरी आल्यावर ती त्या दोघांकडं गेलीच नाही, सरळ मागच्या दारी गेली. गोजरबाई रेडीला दूध पाजत होत्या. मनिषा शेजारी बसली आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. टेप गुंतल्याचं खोटं सांगायचं ठरलंय, तेही सांगितलं.

गोजरबाईंनी ऐकून घेतलं. रेडीचं तोंड पुसलं.

"त्यो शब्द काय म्हणलीस?"

"सेन्सॉर."

"म्हंजी काय गं?"

मनिषानं विचार केला. "सांगणाराला जे सांगायचं हाय आन ऐकणाराला जे ऐकायचं हाय, ते मधल्यानंच ठरवायचं, की हे ऐकू जाऊ द्यायचं न्हाय."

"मी सांगणारी. बावड्याची माणसं ऐकणारी," गोजरबाई म्हणाल्या. "मंग ह्यो मधला कोण?"

"तुमचीच पोरं, आत्या."

मनिषाला वाटलं, आता त्या रडतील किंवा भडकतील. त्या हसल्या. लेकरं लहान असताना काही चोरून खाल्लेलं सापडलं की हसायच्या तशा. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या आणि उठल्या.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर गोजरबाईंनी कुणाला उठू दिलं नाही. सासरे सोनबा, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, खांबाला टेकून तंबाखू मळत होते. रविराज आणि नवी सून प्रतिक्षा कोपऱ्यात होती. रामहरीनं एकदा मनिषाकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"माझं गाणं कापायचं ठरलंय म्हणं," गोजरबाई म्हणाल्या. "कापा. माझी ना न्हाय. फकस्त मला सांगा, त्यात वंगाळ कुठला शब्द हाय. मी एकेक ओळ म्हणते. जितं वंगाळ यील तितं थांबवा."

आणि त्यांनी ढोलाशिवाय, मांडीवर ताल धरून सुरुवात केली.

"बाभळीच्या सावलीला, मेंढरांच्या गं मेळ्यात,
थोरला माझा जन्मला, घोंगड्याच्या गं झोळीत..."

थांबून त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. कुणी थांबवलं नाही. त्या पुढं गेल्या.

"दुसरा गं रडू लागं, आवाज गेला रानात,
लांडगा घाबरून लपला, जाऊन पल्याड गावात..."

प्रतिक्षाला हसू आवरेना. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. रविराज हसला, आबा हसले आणि शेवटी रामहरीलाही हसू फुटलं. मनिषाला ते हसू चांगलं माहीत होतं. लांडगा घाबरल्याचं त्याला मनापासून आवडलं होतं. त्यानं हिशेब केला असावा की निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाचा आवाज जन्मापासूनच एवढा मोठा होता, यात लपवण्यासारखं तसं काही नाही.

"माझ्या ओळीचं काय न्हाय," रामहरी म्हणाला. "दादाचं काय ते बघा."

मानसिंगनी भावाकडं असं बघितलं की विहिरीची वाटणी पुन्हा आठवावी. एवढ्या दिवसांनी जुळलेली जोडी एका लांडग्यानं फोडली होती.

आबांनी तंबाखूची गोळी दाढेखाली धरली. "आणीबाणीच्या येळंला," ते म्हणाले, "गेणू मास्तर चावडीवर पेपर वाचून दावायचा. एकदा मधीच थांबला. म्हणला, हितं जागा कोरी हाय, सेन्सॉरनं काढलंय. त्या दिशी बाकीचा पेपर कुणी ऐकलाच न्हाय. समदा गाव कोऱ्या जागंवरच बोलत बसला."

"ते सरकारचं होतं, आबा," मानसिंग म्हणाले. "हे घरातलं हाय."

"घरातलं हाय म्हणून तर इचारते," गोजरबाई म्हणाल्या. "माझ्यात काय वंगाळ हाय, सांग."

मानसिंग कुणाकडेही न बघता बोलायला लागले. शाळेत घातलं तेव्हा त्यांच्या अंगावर त्याच घोंगड्याची कुंची होती. पावसात ती भिजली की वास यायचा. पोरं बाकावर शेजारी बसायची नाहीत, मेंढराचा आवाज काढायची. पुढं नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी स्वेटर घेतला तो त्याचसाठी. एवढं ते कधी बोलले नव्हते. हौसाबाई आपल्या नवऱ्याकडं नवं माणूस बघावं तशी बघत राहिली.

"मला तुझी लाज न्हाय वाटत, आई," मानसिंग म्हणाले. "ते घोंगडं ऐकलं की मी अजून त्या बाकावर बसतो."

गोजरबाईंचा सगळा आवेश उतरला. त्या उठून थोरल्याजवळ जाऊन बसल्या. "मला ठावं न्हवतं रं," त्या म्हणाल्या. "तू जन्मलास तवा थंडी एवढी हुती की बाकीच्या बाया म्हणल्या, पोर सकाळ बघत न्हाय. त्या घोंगड्यानं तुला राखलं. म्हणून मी ते गाण्यात घातलं. पर ओळ तुझी हाय. तुला नको तर काढ. माझं बाकीचं ऱ्हाऊ दे."

यावर तोडगा मनिषानं सुचवला. बादशाह तेवढ्या ओळीवर ढोलाचा आवाज चढवील. आत्यांचे ओठ हलताना दिसतील, पण शब्द ऐकू येणार नाहीत. मानसिंगनी मान हलवली. या वेळी कॅलेंडरकडं न बघता, तिच्याकडं बघून. दुसऱ्या दिवशी मनिषा कॅसेट घेऊन पुन्हा भवानीनगरला गेली.

धोंड्याच्या दिवशी सगळं घर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बावड्याला गेलं. पुरणाचे धोंडे झाले, अनारसे झाले, रविराजला चांदीची वाटी मिळाली. हौसाबाई आठवणीनं तेच आहेरातलं लुगडं नेसून आली होती आणि विहिणीजवळ त्याच्या पोताची तोंड भरून तारीफ करत होती. दुपारी अंगणात ताडपत्री घालून टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर मांडला. प्रतिक्षाचे आजोबा म्हस्कूआबा सगळ्यांत पुढं, टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ बसले. त्यांच्या मागं सगळी भावकी.

हळद लागली. गोजरबाई ढोल घेऊन पडद्यावर आल्या तेव्हा अंगणातल्या म्हाताऱ्या सरसावून बसल्या. आणि इकडं खऱ्या गोजरबाई स्वतःला पहिल्यांदा बघत होत्या. मनिषा पडद्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं होतं आणि हळूच म्हणाल्या, "बरी दिसते की मी."

मग ती ओळ आली. बाभळीची सावली ऐकू आली, मेंढरांचा मेळा आला, त्यापुढं नुसता ढोल धडधडला आणि गोजरबाईंचे ओठ हलले. लगेच रामहरी रडला, लांडगा पळाला, अंगण हसलं. पण म्हस्कूआबा हसले नाहीत.

"थांबवा," ते म्हणाले. "मागं घ्या जरा. थोरल्याचं काय म्हणली ती?"

रविराजनं कॅसेट मागं घेतली. पुन्हा ढोल. कुणी म्हणालं, बाभळीखाली साप निघाला असंल. कुणी म्हणालं, थोरला पायाळू असंल. एका म्हातारीनं ओठांच्या हालचालीवरून ओळखायचा यत्न केला आणि भलताच शब्द सांगितला, तसा अंगणात असा हशा उसळला की प्रतिक्षाच्या आईनं कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा कॅसेट मागं गेली. आता लग्नातलं दुसरं काही बघायला कुणी तयार नव्हतं. मानसिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. संचालकांशेजारची झोप बघितली असती तरी त्यांचे एवढे हाल झाले नसते.

मनिषाला राहवेना. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मानसिंग उठून उभे राहिले.

"ती ओळ माझी हाय," ते म्हणाले. "मीच काढाय लावली."

"आसं काय हाय तिच्यात?" म्हस्कूआबांनी विचारलं.

मानसिंगनी घसा साफ केला. त्यांना गाता येत नव्हतं, हे सगळ्या घराला माहीत होतं. आरतीतही ते नुसते ओठ हलवायचे. पण ते बोलले नाहीत, त्यांनी ती ओळ म्हटली. वर-खाली होणाऱ्या, न तापलेल्या आवाजात.

"थोरला माझा जन्मला, घोंगड्याच्या गं झोळीत."

म्हस्कूआबांनी पुढची ओळ येईल म्हणून वाट बघितली.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"आरं, मग नशीबवान हायस. मी झालो तवा आमच्यात घोंगडंबी धड न्हवतं. दोन कोकरांच्या मधी ठेवला हुता मला." म्हातारा मागं वळून भावकीला म्हणाला, "व्हय का न्हाय?" आणि मग ज्याला त्याला आपापला जन्म आठवायला लागला. कोण नदीच्या वाळूत, कोण घाटाच्या पायथ्याला, कोण चालत्या गाढवाच्या पाठीवर. प्रतिक्षाच्या चुलत्यांपैकी एक जण शाळामास्तर होता. तोही सांगायला लागला. मानसिंग उभेच होते. त्यांच्या कानांचा लाल रंग गालांवर उतरला होता आणि ते हसत होते. मनिषानं त्यांना दात दिसेपर्यंत हसताना याआधी बघितलं नव्हतं.

"चाल चुकली रं तुझी," गोजरबाई खालून म्हणाल्या.

"कुठं चुकली?"

"झोळीला आवाज वर न्यायचा न्हाय. खाली सोडायचा. लेकरू ठेवताना सोडतो तसा. म्हण पुन्हा."

रविराजनं टीव्ही बंद केला, तो कुणी बंद करायला सांगितला हे नंतर कुणाला आठवेना. गोजरबाईंनी ताडपत्रीवर हातानं ताल धरला. मानसिंग आईजवळ खाली बसले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. झोळीला आल्यावर या वेळी आवाज बरोबर खाली सोडला.